भार कोणावर? इंग्रजीतल्या 'ऑन'ची गोष्ट

बारावीतली एक विद्यार्थिनी अर्जाचा कागद घेऊन आमच्याकडे आली. पुढच्या शिक्षणासाठी मदत देणाऱ्या एका संस्थेकडे तो अर्ज पाठवायचा होता आणि त्यात स्वतःबद्दल चार-पाच वाक्यं इंग्रजीतून लिहायची होती. ही मुलगी लहान मुलांच्या शिकवण्या घेते, त्यातून वह्या-पुस्तकांचा आणि एस.टी.च्या पासाचा खर्च भागवते. 'मी कोणावर अवलंबून नाही' हे तिला अभिमानानं सांगायचं होतं. कागदावर तिनं लिहिलं होतं, 'आय अ‍ॅम नॉट डिपेंडेबल ऑन एनीवन.'

हे वाक्य वाचणाऱ्याला काय कळेल? 'डिपेंडेबल' म्हणजे भरवशाचा. 'आय अ‍ॅम नॉट डिपेंडेबल' म्हणजे 'माझा काही भरवसा नाही!' जिनं सोळाव्या वर्षापासून आपला भार आपण उचलला, तिनंच स्वतःच्या हातानं स्वतःला बिनभरवशाची ठरवून टाकलं होतं. आम्हाला आधी हसू आलं. मग तिनं सांगितलं की असाच एक अर्ज तिनं आधीच दुसरीकडे पाठवला आहे. मग हसू आलं नाही.

चूक तिची होती का? 'डिपेंड, डिपेंडंट, डिपेंडेबल' अशी शब्दांची माळ आम्हीच तिला फळ्यावर लिहून दिली होती. 'डिपेंड ऑन म्हणजे अवलंबून असणे, रिलाय ऑन म्हणजे विसंबून असणे, काउंट ऑन म्हणजे भरवसा ठेवणे' अशी यादीही दिली होती. मुलांनी ती पाठ केली होती. यादीत अर्थ होते, पण कोण कोणावर भार टाकतं आणि तो भार कोण पेलतं, याचं चित्र नव्हतं. ते चित्र कसं उभं करता येईल याचा आम्ही त्यानंतर बराच विचार केला. तो इथे मांडतो आहोत.

छोट्या शब्दाचं मोठं काम

इंग्रजीत क्रियापदाला 'ऑन', 'अप', 'डाउन', 'बाय' असा एखादा छोटा शब्द जोडून नवा अर्थ तयार करण्याची मोठी हौस आहे. अशा जोड्यांना आपण 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतो. हे नाव तसं नवं. लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकात ते आलं आणि ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवलं, असं स्मिथ यांनीच नमूद केलं आहे. पण या जोड्यांचा त्रास जुनाच आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलं आहे की परक्या माणसाला इंग्रजी शिकताना सर्वांत जास्त अडचण येते ती क्रियापदांमागे लागणाऱ्या या छोट्या शब्दांची. म्हणजे आपल्या वर्गातली मुलं अडखळतात, तर त्यात त्यांनी लाजण्यासारखं काही नाही.

काटेकोर बोलायचं तर 'डिपेंड ऑन', 'रिलाय ऑन' यांना काही व्याकरणकार फ्रेझल व्हर्ब म्हणत नाहीत, वेगळ्या खणात ठेवतात. या फरकाकडे आपण शेवटी येऊ, कारण त्याचा व्यवहारात उपयोग आहे. सध्या चित्राकडे पाहू.

लटकलेला लंबक

'डिपेंड' हा शब्द लॅटिनमधून आला आहे. त्यातल्या 'डे'चा अर्थ 'खाली' आणि 'पेंडेरे'चा अर्थ 'लटकणे'. डिपेंड होणं म्हणजे एखाद्या गोष्टीला लटकून असणं. गळ्यात लटकतं ते 'पेंडंट' आणि घड्याळात लटकून झोके घेतो तो 'पेंड्युलम', हे याच घरातले शब्द.

आता मराठीकडे या. 'अवलंबून' हा शब्द संस्कृतातल्या 'अव' आणि 'लम्ब्' यांपासून झाला आहे. 'अव' म्हणजे खाली आणि 'लम्ब्' म्हणजे लटकणे! लॅटिन आणि संस्कृत, दोघांनीही एकच चित्र डोळ्यांसमोर ठेवलं होतं. पेंड्युलमला आपण 'लंबक' म्हणतो, तोही याच 'लम्ब्'पासून. 'लांब' आणि 'लांबी' हे शब्दही तिथलेच, कारण लटकलेली वस्तू लांब दिसते. विज्ञानाच्या तासाला आपण 'लंबकाचा आवर्तकाल त्याच्या लांबीवर अवलंबून असतो' असं सांगतो, तेव्हा एकाच वाक्यात 'लम्ब्' तीन वेळा येऊन जातो.

खुंटीला पिशवी टांगली की पिशवीचा भार खुंटीवर येतो. हा 'वर' म्हणजेच इंग्रजीतला 'ऑन'. परावलंबनाबद्दल बोलताना मराठीत सगळीकडे हा 'वर' दिसतो: कोणावर तरी विसंबणं, कोणावर तरी भिस्त असणं, कोणावर तरी भरवसा, कोणावर तरी मदार. ('मदार' हा मुळात अरबी शब्द. ज्याच्याभोवती एखादी गोष्ट फिरते तो आस, असा त्याचा अर्थ.) शब्द कुठूनही आलेला असो, मराठीत आल्यावर तो 'वर' मागतो. इंग्रजीतही तसंच. 'रिलाय' हा शब्द लटकण्याचा नाही, बांधण्याचा आहे. त्याच्या मुळाशी लॅटिन 'लिगारे' आहे, म्हणजे बांधणे. हाडाला हाड बांधून ठेवणारं 'लिगामेंट' हे त्याचंच भावंड. 'काउंट' मोजण्याचा, 'बँक' पैशाच्या पेढीचा, 'लीन' टेकण्याचा शब्द. पण हे सगळे 'ऑन' घेतात, कारण भार कशावर तरी पडतोच.

जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली 'मेटाफर्स वुई लिव्ह बाय' या पुस्तकात हेच मांडलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल आपण शरीराच्या रोजच्या अनुभवांच्या आधारानं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. भरवसा दिसत नाही, पण भिंतीला टेकण्याचा अनुभव प्रत्येक मुलाला असतो. वर्गात सुरुवात तिथून करता येते.

पाच 'ऑन', पाच छटा

यादीत हे सगळे शब्द एकाच अर्थाचे वाटतात. वापरताना मात्र फरक पडतो.

'डिपेंड ऑन'मध्ये गरज असते, किंवा नुसता संबंध असतो. 'द बेबी डिपेंड्स ऑन इट्स मदर', म्हणजे आई नसेल तर बाळाचं चालणार नाही. 'द प्राइस डिपेंड्स ऑन द साइझ', इथे गरज नाही की भरवसा नाही. एक गोष्ट बदलली की दुसरी बदलते, एवढंच. विज्ञानात आपल्याला हा दुसरा अर्थ सतत लागतो.

'रिलाय ऑन'मध्ये भरवसा येतो, आणि तो बहुधा अनुभवातून आलेला असतो. 'यू कॅन रिलाय ऑन हर नोट्स', म्हणजे तिच्या टिपणांत चुका नसतात, आपण पाहिलं आहे. माणसाशिवाय इतर सजीवांबद्दलही हा शब्द चालतो. वटवाघळं अंधारात वाट काढताना प्रतिध्वनीवर विसंबतात, तिथे 'बॅट्स रिलाय ऑन एकोज' म्हणता येतं. पण ज्याला कशाचा फायदा-तोटा नाही, त्याला 'रिलाय' करता येत नाही.

'काउंट ऑन'मध्ये मोजणं आहे. 'जमेस धरणे' हा आपला वाक्प्रचार त्याला अगदी जवळचा. सहलीला चाळीस जण लागतात, अमुक जण येणारच म्हणून आपण त्याला आधीच मोजून टाकतो. म्हणून 'काउंट ऑन'ची नजर पुढे असते: 'आय अ‍ॅम काउंटिंग ऑन यू टू कम.' 'आय काँट काउंट ऑन हिम' याचं भाषांतर एका मुलानं 'मी त्याच्यावर मोजू शकत नाही' असं केलं होतं. अर्थ चुकला, पण मोजण्याचं चित्र बरोबर होतं. तिथून 'मी त्याला जमेस धरू शकत नाही'पर्यंत जायला एक पायरी पुरते.

'बँक ऑन' याच अर्थाचा, पण जरा जास्त जोराचा. बँकेत ठेवलेला पैसा जसा हक्कानं मिळणार, तसा हा भरवसा. बोलताना तो पुष्कळदा नकारात येतो. आपण विचारलं, 'काम उद्या होईल का?' आणि उत्तर आलं, 'डोन्ट बँक ऑन इट' किंवा 'आय वुडन्ट काउंट ऑन इट', तर त्याचा अर्थ 'होईलसं वाटत नाही, त्या भरवशावर राहू नका.' हा सभ्य नकार आहे. तो ओळखला नाही, तर माणूस उगाच वाट पाहत बसतो.

'लीन ऑन' म्हणजे टेकणं. दुःखात, आजारपणात, अडचणीत घेतलेला आधार. 'आफ्टर द फ्लड दे लीन्ड ऑन देअर नेबर्स.' पण कुणी अंगावर रेलून उभा राहिला तर तो दाबही असतो. म्हणून 'लीन ऑन'चा दुसरा अर्थ आहे दडपण आणणं. 'दे लीन्ड ऑन हिम टू साइन', त्यांनी दबाव आणून त्याची सही घेतली. चित्र एकच, बाजू वेगळी.

यांच्या जोडीला 'फॉल बॅक ऑन' घ्या. सैन्य पुढची जागा सोडून मागच्या, आधीच तयार ठेवलेल्या ठिकाणी सरकतं, तसं हे आहे. पहिला मार्ग बंद झाल्यावर हाताशी असलेला दुसरा आधार. 'व्हेन द पंप फेल्ड, वुई फेल बॅक ऑन द वेल.' पंप बंद पडला तेव्हा विहीर होतीच. जिथे पहिला उपाय फसलेला नाही, तिथे हा शब्द वापरता येत नाही.

आधी नजर, मग भार, मग...

मदतीच्या व्यवहाराचे टप्पे लक्षात घेतले तर उरलेले शब्दही रांगेत बसतात.

भार टाकण्याआधी आपण कोणाकडे तरी वळतो. तिथे मराठीत 'वर' नसतो, 'कडे' असतो, आणि इंग्रजीत 'ऑन' नसतो, 'टू' असतो: 'शी टर्न्ड टू हर आंट फॉर हेल्प', ती मदतीसाठी मावशीकडे वळली. 'द फार्मर्स लुक टू द गव्हर्न्मेंट फॉर रिलीफ', शेतकरी मदतीसाठी सरकारकडे पाहतात. मुलं इथे 'लुक अप टू' घालतात. त्यात आशा नाही, आदर आहे: मान वर करून पाहणं.

पुढचा टप्पा आधार देणाऱ्याचा. 'बॅक अप' म्हणजे पाठबळ देणं. 'बॅक' म्हणजे पाठच! 'शी बॅक्ड मी अप', तिनं माझी पाठराखण केली. 'स्टँड बाय'मध्ये आधार देणारा बाजूला उभा राहतो, मराठीत तो 'पाठीशी' उभा राहतो. 'हिज फ्रेंड्स स्टुड बाय हिम', मित्र त्याच्या पाठीशी उभे राहिले. मात्र इथे एक खड्डा आहे. 'दे स्टुड बाय अँड वॉच्ड' म्हणजे ते नुसते बघत उभे राहिले. 'बाय'च्या पुढे माणूस आहे की नाही, हे पाहायचं. माणूस असेल तर आधार, नसेल तर बघ्याची भूमिका.

आणि आधार निसटला तर? टेकू काढला की वस्तू खाली येते. म्हणून 'लेट डाउन'. 'ही लेट अस डाउन', त्यानं ऐन वेळी दगा दिला. मराठीत आपण 'तोंडघशी पाडलं' म्हणतो. इथेही पडणंच आहे. भार, आधार आणि पडणं, ही एकच गोष्ट दोन्ही भाषांनी सांगितली आहे.

राहिला 'ऑफ'. 'अमरवेल दुसऱ्या झाडावर जगते' असं आपण म्हणतो आणि 'शेळ्या पाल्यावर जगतात' असंही म्हणतो. मराठीत दोन्हीकडे 'वर'. इंग्रजी इथे फरक करते. पाला हे शेळीचं अन्न, म्हणून 'गोट्स लिव्ह ऑन लीव्ह्ज.' अमरवेल मात्र आपला रस ज्या झाडातून ओढते, त्याच्यापासून काही तरी निघून जातं, म्हणून 'लिव्ह ऑफ'. आयता खाणाऱ्याबद्दल 'ही लिव्ह्ज ऑफ हिज ब्रदर' म्हणतात, तेव्हा त्यात टोमणा असू शकतो. 'स्पंज ऑफ'मध्ये तो असतोच, कारण स्पंज पाणी शोषून घेतो. 'भावाच्या जिवावर जगतो' म्हणताना आपल्या सुरात जे येतं, ते इंग्रजीत या 'ऑफ'मध्ये येतं. परंतु 'लिव्ह ऑफ द लँड', म्हणजे जमिनीतून मिळेल त्यावर गुजराण करणं, यात टोमणा नाही.

'वर' जातो, 'ऑन' राहतो

आता नेहमीच्या चुकांकडे वळू. वह्या तपासताना आम्हाला ही वाक्यं पुन्हा पुन्हा दिसतात: 'हू कॅन वुई रिलाय?' 'ही इज अ मॅन यू कॅन रिलाय.' 'ही कॅनॉट बी रिलाइड.' तिन्हींत 'ऑन' गळला आहे. साध्या वाक्यात, 'आय रिलाय ऑन हिम'मध्ये, हीच मुलं तो विसरत नाहीत. मग इथेच का विसरतात?

कारण मराठीतला 'वर' नामाला किंवा सर्वनामाला चिकटतो. तो जिथे जाईल तिथे 'वर' त्याच्याबरोबर जातो. 'त्याच्यावर विसंबतो', 'कोणावर विसंबायचं?', 'ज्याच्यावर विसंबावं असा माणूस'. इंग्रजीत नाम किंवा सर्वनाम पुढे निघून जातं, पण 'ऑन' क्रियापदाजवळ मागेच राहतो: 'हू कॅन वुई रिलाय ऑन?' 'अ मॅन यू कॅन रिलाय ऑन.' 'ही कॅनॉट बी रिलाइड ऑन.' मराठी मुलाचं मन म्हणतं, 'कोणावर' म्हणून झालं, 'वर' येऊन गेला, आता शेवटी पुन्हा कशाला? म्हणून तो गळतो. कारण कळलं की चूक सुधारणं सोपं जातं. ग्रांथिक इंग्रजीत 'ऑन हूम कॅन वुई रिलाय?' असंही लिहितात आणि ते बरोबर आहे. ते आपल्या मराठीच्या जवळ जातं. पण 'कॅनॉट बी रिलाइड ऑन'मध्ये 'ऑन'ला शेवटीच राहावं लागतं, दुसरी सोय नाही.

उलटी चूकही होते. 'विश्वास ठेवणे'ला मराठीत 'वर' लागतो, म्हणून मुलं 'आय ट्रस्ट ऑन हिम' लिहितात. इंग्रजीत 'आय ट्रस्ट हिम' एवढंच. 'फेथ' आणि 'कॉन्फिडन्स' हे शब्द 'इन' घेतात. म्हणजे 'वर दिसला की ऑन घाला' हा नियम चालत नाही. ज्या क्रियापदांत भार टाकण्याचं चित्र आहे, तीच 'ऑन' घेतात असंही पक्कं सांगता येणार नाही. पण चित्रानं लक्षात ठेवणं सोपं होतं, एवढं खरं.

आता मघाचा राहिलेला फरक. 'रिलाय ऑन'सारख्या जोड्यांत ज्याच्यावर भार आहे तो शब्द नेहमी 'ऑन'च्या नंतर येतो. 'रिलाय हिम ऑन' कधीच होत नाही. 'लेट डाउन' आणि 'बॅक अप' यांत मात्र सर्वनाम मधे बसतं: 'लेट हिम डाउन', 'बॅक हर अप'. 'लेट डाउन हिम' चालत नाही. नाम असेल तर दोन्ही रीती चालतात: 'ही लेट हिज टीम डाउन' किंवा 'ही लेट डाउन हिज टीम'. कानानंही फरक कळतो. 'रिलाय ऑन' म्हणताना जोर 'लाय'वर पडतो, 'ऑन' हळू येतो. 'लेट हिम डाउन'मध्ये शेवटच्या 'डाउन'वर जोर येतो. वर्गात दोन्ही मोठ्यानं म्हणून घ्या. मुलं लवकर पकडतात.

लंबकाचा तास

आमच्यातले एक जण विज्ञान शिकवतात. त्यांच्या तासाला आम्ही हा प्रयोग भाषेसकट करून पाहिला. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या मुलांना अकरावीत अचानक इंग्रजी वाक्यं समोर येतात, त्यांना याचा विशेष उपयोग होतो.

दोरा आणि दगड घ्या. आधारापासून दगडाच्या मध्यापर्यंत दोऱ्याची लांबी १ मीटर ठेवा. छोटा झोका द्या आणि १० दोलनांना लागणारा वेळ मोजा. तो सुमारे २० सेकंद येतो. आता लांबी २५ सेंटिमीटर करा. १० दोलनांना सुमारे १० सेकंद लागतात. लांबी पाव केली की वेळ निम्मा होतो. फळ्यावर लिहा: 'द पिरियड डिपेंड्स ऑन द लेंग्थ.'

मग तेवढ्याच लांबीला जास्त जड दगड बांधा, मात्र दगडाचा मध्य पूर्वीच्याच अंतरावर येईल असं पाहा. वेळ बदलत नाही. 'द पिरियड डज नॉट डिपेंड ऑन द मास.' हेच दुसऱ्या शब्दांत: 'द पिरियड इज इंडिपेंडंट ऑव्ह द मास.' इथे थांबा. 'डिपेंडंट'ला 'ऑन', पण 'इंडिपेंडंट'ला 'ऑव्ह'. हा एका 'एफ'चा, 'लिव्ह ऑफ'मधला दोन 'एफ'चा नव्हे. भार टाकलेला असतो तेव्हा 'ऑन', सुटका झाली की 'ऑन' कशाला राहील?

आता मुलांना विचारा, 'एकाच दोलनाचा वेळ मोजला तर चालेल का?' घड्याळ सुरू करताना आणि थांबवताना हात मागे-पुढे होतो, म्हणून आकडा दर वेळी वेगळा येतो. 'वुई कॅनॉट रिलाय ऑन अ सिंगल रीडिंग.' इथे 'रिलाय' शोभतो, कारण प्रश्न भरवशाचा आहे आणि भरवसा ठेवणारे आपण आहोत. 'द पिरियड रिलाइज ऑन द लेंग्थ' का चालत नाही, तेही आता मुलं स्वतः सांगतात. आवर्तकाल बिचारा कोणावर भरवसा ठेवणार?

आणि घड्याळच नसेल तर? पिसाच्या चर्चमधला झुलता दिवा पाहताना गॅलिलिओनं आपल्या नाडीच्या ठोक्यांनी वेळ मोजला, अशी गोष्ट सांगतात. ती ऐकल्यावर एका मुलीनं वाक्य केलं: 'ही हॅड नो वॉच, सो ही फेल बॅक ऑन हिज पल्स.' खरं तर जे नव्हतंच ते बंद पडलं असं कसं म्हणायचं, यावर वर्गात वाद झाला. तो वाद आम्हाला दहा रिकाम्या जागा भरण्यापेक्षा जास्त मोलाचा वाटला.

एक सावधगिरी सांगायला हवी. 'अवलंबून आहे' या मराठी रचनेमुळे मुलं 'द पिरियड इज डिपेंडिंग ऑन द लेंग्थ' लिहितात. कायमच्या संबंधासाठी 'डिपेंड्स ऑन'च हवं. मात्र माणसानं माणसाला 'आय अ‍ॅम डिपेंडिंग ऑन यू' म्हणणं बरोबर आहे. तिथे आत्ताची, या कामापुरती भिस्त सांगायची असते.

पुन्हा तो अर्ज

सुरुवातीच्या वाक्यातली चूक आता नीट पाहता येते. 'डिपेंडंट' म्हणजे भार टाकणारा, 'डिपेंडेबल' म्हणजे भार पेलणारा. एक पिशवी, दुसरी खुंटी. शिवाय 'डिपेंडेबल' म्हणजे 'ज्याच्यावर डिपेंड करता येतं असा'. त्यातला 'वर' आधीच पोटात गेलेला आहे, म्हणून 'डिपेंडेबल'च्या पुढे 'ऑन' येत नाही. 'रिलायेबल'चंही तसंच. एकोणिसाव्या शतकात काही इंग्रज भाषाप्रेमींनी 'रिलायेबल' या शब्दावर याच कारणानं नाकं मुरडली होती. त्यातला 'ऑन' कुठे गेला, शब्द 'रिलायॉनेबल' असा काही तरी हवा, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी ऐकलं नाही आणि 'रिलायेबल' रूढ झाला. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाही जो 'ऑन' कुठे ठेवावा असा प्रश्न पडला होता, तो आपल्या मुलीकडून चुकीच्या जागी पडला.

आम्ही तिला बरोबर वाक्य सांगितलं नाही. भिंतीवरची खुंटी आणि तिला अडकवलेलं तिचं दप्तर दाखवलं आणि विचारलं, 'यातली तू कोण?' ती जरा विचारात पडली. मग तिनं दोन वाक्यं लिहिली. पहिलं: 'आय डू नॉट डिपेंड ऑन एनीवन फॉर माय एक्स्पेन्सेस.' दुसरं तिनं आपणहून जोडलं: 'माय यंगर ब्रदर डिपेंड्स ऑन मी.'

धाकट्या भावाचं तोवर आम्हाला माहीत नव्हतं. आधीच्या अर्जातही ते नव्हतं. तिनं त्या पहिल्या संस्थेलाही दुरुस्त केलेला कागद त्याच आठवड्यात पाठवून दिला.